ग्राफ अक्षाला टेकतच नाही, मग मुळं गेली कुठे? वर्गसमीकरणाची वास्तव आणि संमिश्र मुळं ग्राफवर कशी वाचायची

दहावीच्या गणित भाग १ मध्ये वर्गसमीकरणं शिकताना विवेचक (ब² − ४अक हा आकडा) काढायचा, तो शून्यापेक्षा लहान आला की "मुळे वास्तव संख्या नाहीत" असं लिहायचं आणि पुढचं गणित घ्यायचं, एवढ्यावर गाडी थांबते. मार्क पूर्ण मिळतात, पण वास्तव नाहीत तर मग कशी आहेत आणि कुठे आहेत हे कुणी विचारत नाही, आणि अकरावी सायन्सला गेल्यावर एकदम 'आय' नावाचं प्रकरण अंगावर येतं ज्याचा या ग्राफशी काही संबंध असेल असं वाटतही नाही. संबंध आहे, आणि तो इतका सरळ आहे की ग्राफ पेपर, पट्टी, पेन्सिल आणि एक जाड पुठ्ठ्याचा तुकडा एवढ्यावर हाताने करून बघता येतो. ॲप नंतर वापरू, आधी हाताने.

सुरुवातीला चिन्हांचं बघून घ्या. मी क्ष आणि य लिहितोय, तुमच्या पुस्तकात एक्स-वाय असेल, काही बिघडत नाही. क्ष आडव्या अक्षावर, य उभ्या अक्षावर. आय म्हणजे अशी संख्या जिचा वर्ग −१ येतो, आणि ३ + २आय सारख्या, आय असलेल्या संख्येला संमिश्र म्हणायचं, आत्ता एवढंच पुरे. आणि मूळ म्हणजे क्षची अशी किंमत जी घातल्यावर य शून्य होतो, म्हणजेच ग्राफच्या भाषेत, जिथे वक्र आडव्या अक्षाला भेटतो ती जागा.

पायरी १: तीन भावंडं एकाच कागदावर

ही तीन समीकरणं घ्या:

य = क्ष² − ६क्ष + ५
य = क्ष² − ६क्ष + ९
य = क्ष² − ६क्ष + १३

फरक फक्त शेवटच्या आकड्यात आहे, बाकी सगळं तेच. मुद्दाम असं घेतलंय. क्षला ० पासून ६ पर्यंत किमती द्या आणि टेबल बनवा. पहिल्या समीकरणाचे य येतात ५, ०, −३, −४, −३, ०, ५. दुसऱ्याचे ९, ४, १, ०, १, ४, ९. तिसऱ्याचे १३, ८, ५, ४, ५, ८, १३. टेबल बरोबर आलंय का हे बघायची सोपी खूण म्हणजे आकडे मधल्या आकड्यापासून दोन्हीकडे सारखेच वाढत जायला पाहिजेत, तसं होत नसेल तर कुठेतरी चिन्ह चुकलंय, आणि दहापैकी नऊ वेळा ते −६क्ष मध्येच चुकलेलं असतं.

आता ग्राफ पेपर उभा धरा, दोन्ही अक्षांवर १ सेमी = १ एकक हे प्रमाण घ्या. इथे दोन्ही अक्षांवर प्रमाण सारखंच ठेवा, पुढे त्याची गरज लागणार आहे. बिंदू मांडा आणि हाताने गोलसर जोडा, पट्टीने नाही! पट्टीने जोडलं की खालचं टोक टोकदार होतं आणि सगळी मजा त्या टोकाच्या आसपासच आहे.

तिन्ही वक्र अगदी एकसारखे दिसतील, एकच आकार वर-खाली सरकवलेला. या आकाराला अन्वस्त म्हणतात, बोलताना सगळे पॅराबोलाच म्हणतात. त्याच्या सगळ्यात खालच्या बिंदूला शिरोबिंदू म्हणायचं, तिन्हींमध्ये तो क्ष = ३ वर आहे. पहिल्यात तो अक्षाच्या ४ ने खाली, दुसऱ्यात बरोबर अक्षावर, तिसऱ्यात अक्षाच्या ४ ने वर.

पायरी २: वास्तव मुळं, ही सोपी आहेत

पहिला वक्र अक्षाला १ आणि ५ वर छेदतो. झालं, हीच मुळं. दुसरा फक्त ३ वर टेकतो, मूळ ३, पण ते दोनदा मोजायचं, कारण क्ष² − ६क्ष + ९ म्हणजे (क्ष − ३)(क्ष − ३). "एकच मूळ आहे" असं म्हणण्यापेक्षा "दोन समान मुळं आहेत" असं पुस्तक का म्हणतं हे अजून दोन पायऱ्या गेल्यावर डोळ्यांनी दिसेल.

एक गोष्ट मात्र इथेच लक्षात घ्या. पहिल्याची मुळं १ आणि ५, मधोमध ३. म्हणजे मुळं नेहमी शिरोबिंदूच्या उभ्या रेषेपासून दोन्हीकडे सारख्या अंतरावर असतात, इथे २ आणि २. त्यामुळे मुळं लिहायची खरी पद्धत ३ ± २ अशी आहे. १ आणि ५ असं लिहिलं की हा ३ आणि हा २ दिसेनासे होतात, आणि आपल्याला तेच दोन आकडे हवेत.

पायरी ३: तिसरा वक्र, जो टेकत नाही

य = क्ष² − ६क्ष + १३ याला वर्ग पूर्ण करून लिहा: य = (क्ष − ३)² + ४. हे लिहिलं की शिरोबिंदू सरळ वाचता येतो, (३, ४). आता मूळ हवं म्हणजे (क्ष − ३)² = −४ व्हायला हवं, आणि कुठल्याही वास्तव संख्येचा वर्ग ऋण येत नाही, म्हणून वक्र अक्षापर्यंत पोचत नाही.

भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास 'बीजगणित' या ग्रंथात हेच स्वच्छ शब्दांत लिहून ठेवलंय, की ऋण संख्येला वर्गमूळ नाही कारण ती कुणाचा वर्गच नाही. (चाळीसगावजवळ पाटण्याला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला त्याचा शिलालेख आहे, त्या बाजूला गेलात तर जरूर बघा.) त्यानंतर जवळजवळ चारशे वर्षांनी, १५४५ मध्ये, इटलीतल्या कार्डानो या गणितज्ञाने १० चे असे दोन भाग करा ज्यांचा गुणाकार ४० येईल असं गणित घेतलं, उत्तर ५ + √−१५ आणि ५ − √−१५ असं काढलं, गुणाकार खरंच ४० येतो हेही दाखवलं, आणि वर हे सगळं जितकं सूक्ष्म तितकंच निरुपयोगी आहे असा शेराही मारला. त्याचं समीकरण क्ष² − १०क्ष + ४० = ०, शिरोबिंदू (५, १५). उत्तरातला ५ आणि १५ बघा आणि शिरोबिंदूतला ५ आणि १५ बघा. हा योगायोग नाहीये.

आपल्या समीकरणात (क्ष − ३)² = −४, आय वापरायची परवानगी असेल तर क्ष − ३ = ±२आय, म्हणून मुळं ३ + २आय आणि ३ − २आय. पडताळून बघायचं असेल तर ३ + २आय घाला: (२आय)² म्हणजे −४, अधिक ४, शून्य. चोख.

हे झालं बीजगणिताने. पण ग्राफवरून हा २ कसा वाचायचा?

पायरी ४: दुप्पट उंचीची रेघ

शिरोबिंदूची उंची ४ आहे. तिच्या दुप्पट म्हणजे ८ वर एक आडवी रेघ मारा. ही रेघ वक्राला कुठे छेदते बघा. टेबलातच आहे: य = ८ येतो क्ष = १ ला आणि क्ष = ५ ला. मधली रेषा ३, दोन्हीकडचं अंतर २. हाच तो २! मुळं ३ ± २आय.

कारण अगदी साधं आहे. रेघेवर (क्ष − ३)² + ४ = ८, म्हणजे (क्ष − ३)² = ४. मुळासाठी हवं होतं (क्ष − ३)² = −४. आकडा तोच, फक्त चिन्ह उलटं, आणि चिन्ह उलटं झालं की उत्तराला आय चिकटतो. बघायला गेलं तर आपण वक्राला शिरोबिंदूपाशी आरशात उलटा केला, तो उलटा वक्र अक्षाला १ आणि ५ वर छेदतो, आणि १ आणि ५ ही आपल्या पहिल्या भावंडाची मुळं होती. दुप्पट उंचीची रेघ म्हणजे तोच आरसा, फक्त उलटा वक्र काढायचा त्रास वाचतो.

क्ष² च्या मागे आकडा असला तरी हे चालतं. य = २क्ष² − ४क्ष + १० घ्या. शिरोबिंदू (१, ८), दुप्पट १६, तिथे रेघ मारली की ती वक्राला −१ आणि ३ वर कापते, मधलं १ आणि अंतर २, म्हणून मुळं १ ± २आय. वक्र खाली तोंड करून अक्षाच्या खालीच राहिला असेल, उदाहरणार्थ य = −क्ष² + २क्ष − ५, तर शिरोबिंदू (१, −४), दुप्पट म्हणजे −८, रेघ खाली मारायची, ती पुन्हा −१ आणि ३ वरच कापते, मुळं १ ± २आय. दोन वेगळ्या दिसणाऱ्या ग्राफची मुळं एकच निघाली, कारण पहिल्या समीकरणाला −२ ने भागलं की दुसरंच मिळतं.

आकडे असे गोल नेहमी येत नाहीत. य = क्ष² − ३क्ष + ३ मध्ये शिरोबिंदू (१.५, ०.७५), रेघ १.५ वर, ती साधारण ०.६३ आणि २.३७ वर कापते, अंतर अंदाजे ०.८७. ग्राफवरून ०.९ वाचलंत तरी चालेल, ग्राफ हा अंदाज द्यायलाच असतो, नेमकं उत्तर सूत्राने काढा.

पायरी ५: पुठ्ठ्याचं मॉडेल

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि शाळेत हीच कधी करून घेत नाहीत. आतापर्यंत आपण क्षला फक्त वास्तव किमती दिल्या, म्हणून सगळं एका कागदात मावलं. पण क्ष संमिश्र असू शकतो असं म्हटलं तर त्याला रेषा पुरत नाही, पूर्ण प्रतल (सपाट पृष्ठभाग) लागतं: डावीकडे-उजवीकडे वास्तव भाग, पुढे-मागे आयवाला भाग. हे प्रतल म्हणजे तुमचं अभ्यासाचं टेबल समजा. य ची उंची टेबलापासून वर मोजायची.

तिसरा ग्राफ वेगळ्या कागदावर काढून आडव्या अक्षावर बरोबर कापा आणि टेबलावर उभा करा. वक्र सगळा टेबलाच्या वर आहे, म्हणूनच हे उदाहरण निवडलं. आता क्षला अशा किमती द्या ज्यांचा वास्तव भाग ३ च आहे पण आयवाला भाग बदलतो: क्ष = ३ + ट × आय, ट कुठलीही वास्तव संख्या. मग (क्ष − ३)² = −ट², आणि य = ४ − ट². य वास्तवच आला की! किमती काढा: ट = ० ला ४, ट = ±१ ला ३, ट = ±२ ला ०. हा पण पॅराबोलाच आहे, तेवढाच रुंद, फक्त तोंड खाली. हा पुठ्ठ्यावर काढा, कापा, आणि क्ष = ३ च्या उभ्या रेषेवर पहिल्या कागदाला काटकोनात लावा, कागदात खालून आणि पुठ्ठ्यात वरून २-२ सेमीची खाच दिलीत की दोन्ही एकमेकांत अडकून उभे राहतात.

आता समोरून बघा. एक वक्र शिरोबिंदूपासून वर जातोय, दुसरा त्याच शिरोबिंदूपासून तुमच्याकडे आणि पलीकडे खाली उतरतोय, आणि टेबलाला दोन ठिकाणी टेकतोय, कागदाच्या २ सेमी पुढे आणि २ सेमी मागे. तीच ती मुळं, ३ − २आय आणि ३ + २आय. कागदावर दिसत नव्हती कारण कागदात नव्हतीच, कागदाच्या बाहेर होती. "ग्राफ अक्षाला छेदत नाही म्हणून मुळं नाहीत" हे वाक्य अपुरं आहे, पूर्ण वाक्य "या कागदात मुळं नाहीत" असं हवं.

हे डोक्यात बसलं की आधीच्या दोघांकडे परत बघा. पहिल्याचा शिरोबिंदू टेबलाच्या ४ सेमी खाली, तिथून वर जाणारा वक्र टेबल फोडून १ आणि ५ वर बाहेर येतो, आणि काटकोनातला दुसरा तिथूनच आणखी खाली जातो, तो टेबलाला कधीच भेटत नाही. दुसऱ्यात शिरोबिंदू टेबलावरच, वरचा वक्रही तिथे टेकलेला आणि खालचाही तिथूनच निघणारा, म्हणून दोन समान मुळं. प्रत्येक वेळी दोनच मुळं मिळतात, कधी या वक्रावर कधी त्या वक्रावर, पण दोन ती दोनच.

आणि संमिश्र मुळं नेहमी जोडीने का येतात, एकाला अधिक तर दुसऱ्याला वजा, हे पण पाठ करायची गरज उरत नाही, खाली उतरणारा वक्र पुढे जेवढा तेवढाच मागे. फक्त यासाठी समीकरणातले सहगुणक वास्तव असायला हवेत, सहगुणकातच आय आला तर ही सगळी रचना मोडते.

पायरी ६: मुळांना चालताना बघा

इथे जिओजेब्रा किंवा डेसमॉस हे ग्राफ काढायचं ॲप उघडा, दोन्ही ब्राउझरमध्ये फुकट चालतात, मोबाईलवरही. क्ष² − ६क्ष + क लिहा आणि क ला स्लायडर द्या. क = ५ ला मुळं १ आणि ५. क = ८ ला २ आणि ४. जवळ येतायत. क = ९ ला दोघं ३ वर भेटतात. क = १० ला ३ ± आय, क = १३ ला ३ ± २आय. म्हणजे आडव्या रेषेवर समोरासमोर चालत आलेली दोन मुळं एकमेकांना धडकतात आणि काटकोनात वळून, एक पुढे एक मागे, चालू लागतात. स्लायडर हलवताना मुळं गायब झाली असं स्क्रीनवर वाटतं ते फक्त ग्राफच्या खिडकीत ती दिशा नाही म्हणून. जिओजेब्रात कॉम्प्लेक्सरूट नावाची कमांड आहे (टाईप अर्थातच इंग्रजीत करायची), ती दिली की संमिश्र मुळं बिंदू म्हणून उमटतात आणि स्लायडरबरोबर पळताना दिसतात.

विवेचक कुठे बसतो यात? अ × क्ष² + ब × क्ष + क मध्ये विवेचक म्हणजे ब² − ४अक, आणि शिरोबिंदूची उंची म्हणजे हाच विवेचक, चिन्ह उलटं करून ४अ ने भागलेला. अ धन असेल तर विवेचक धन म्हणजे शिरोबिंदू खाली, ऋण म्हणजे वर. तुम्ही दहावीला जो आकडा काढून सोडून देत होता तो उंची सांगत होता.

जिथे हमखास फसायला होतं

नुसत्या डोळ्यावर विश्वास ठेवू नका. क्ष² − ४क्ष + ४.०१ चा ग्राफ अक्षाला टेकलाय असंच दिसेल, पण शिरोबिंदूची उंची ०.०१ आहे आणि मुळं २ ± ०.१आय आहेत. ४.०१ च्या जागी ३.९९ घातलं तर मुळं १.९ आणि २.१, आणि दोन्ही ग्राफ कागदावर एकच वाटतील. टेकल्यासारखं दिसलं की विवेचक काढायचाच. दुसरं, कॅल्क्युलेटरवर −३ चा वर्ग करताना कंस घातला नाही तर बरेच कॅल्क्युलेटर −९ दाखवतात, आणि मग टेबलाची डावी बाजू सगळी बिघडते. तिसरं, अक्षांवर वेगवेगळं प्रमाण घेतलं तर दुप्पट रेघेची पद्धत चालते (अंतर आडव्या प्रमाणाने मोजायचं), पुठ्ठ्याचं मॉडेल मात्र वाकडंतिकडं दिसतं.

बरं, याचा उपयोग काय

हा प्रश्न येतोच. चेंडू सेकंदाला १२ मीटर वेगाने सरळ वर फेकलाय, गुरुत्वाकर्षण १० धरू, हवेचा विरोध सोडून देऊ. ट सेकंदांनी उंची १२ट − ५ट² मीटर. मित्र ८ मीटरवरच्या गॅलरीत उभा आहे, चेंडू त्याच्यापर्यंत पोचेल का? ५ट² − १२ट + ८ = ०, विवेचक १४४ − १६० = −१६. पोचणार नाही, इथवर दहावी. पण मुळं काढा: १.२ ± ०.४आय. यातला १.२ म्हणजे चेंडू सगळ्यात वर असतो ती वेळ, १.२ सेकंद. आणि ०.४ चा वर्ग ०.१६, गुणिले ५, म्हणजे ०.८ मीटर, एवढ्याने तो कमी पडला, ७.२ मीटरवरून परत फिरला. म्हणजे "उत्तर नाही" असं ज्याला म्हणत होतो त्या उत्तरातच कधी आणि कितीने चुकलं हे दोन्ही लिहिलेलं होतं. इंजिनिअरिंगला गेलात तर गाडीच्या शॉक ॲब्सॉर्बरच्या गणितात हेच वर्गसमीकरण परत भेटेल, मुळं वास्तव असली तर दबलेली स्प्रिंग डुलत न राहता जागेवर येते, संमिश्र असली तर दोन-चार वेळा वर-खाली होऊन मग थांबते.

आता एक स्लायडर स्वतः करून बघा, उत्तर बघायच्या आधी अंदाज लावा. क्ष² + बक्ष + ४ घ्या आणि यावेळी ब हलवा, −६ पासून ६ पर्यंत. ब = −५ ला मुळं १ आणि ४, ब = −४ ला दोघं २ वर भेटतात, आणि तिथून पुढे संमिश्र. ब = −२ ला १ ± √३आय, ब = ० ला ±२आय, ब = ४ ला परत दोघं एकत्र, आता −२ वर. मधल्या काळात मुळं कुठल्या वाटेने गेली ते टेबलाच्या प्रतलावर बिंदू मांडून बघा, वर्तुळ निघेल, त्रिज्या २, कारण जोडीतल्या दोन मुळांचा गुणाकार ४ च राहायला हवा. आणि त्याच वेळी ग्राफमधला शिरोबिंदू कुठून कुठे जातो त्याचाही माग काढा, तो य = ४ − क्ष² या उलट्या पॅराबोलावरून सरकतो. ४ च्या जागी ९ घातलं तर वर्तुळ केवढं होईल, आणि ४ च्या जागी −४ घातलं तर वर्तुळ निघेल का, हे ॲप बंद करून कागदावर आधी ठरवा.